स्कूटरचा नवा कार्बुरेटर : बसवणे, जुळवणे आणि त्यामागचे विज्ञान

१९७२ साली बजाजची 'चेतक' आणि कायनेटिकची 'लुना' बाजारात आली, आणि पुढची तीस वर्षे गावोगावचे शिक्षक, ग्रामसेवक, पोस्टमन यांचा प्रवास या दुचाक्यांवर झाला. बजाजने २०१० पर्यंत पेट्रोल-स्कूटर बनवणे थांबवले, आणि २०२० साली 'चेतक' हे नाव परत आले ते विजेच्या स्कूटरवर. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले. तेव्हापासून नव्या पेट्रोल-स्कूटरमध्ये कार्बुरेटरऐवजी संगणकावर चालणारी इंधन-फवारणी असते. तरीही भंडारा, तुमसर, साकोली, पवनी या भागात जुन्या टू-स्ट्रोक गाड्या अजून चालताना दिसतात. त्यांचा कार्बुरेटर झिजला की गॅरेजमध्ये नवा बसवतात. काम तासाभराचे आहे, पण ते चुकले तर धावत्या गाडीचे मागचे चाक अचानक अडकू शकते. म्हणून हे काम समजून करणे बरे.

कार्बुरेटर काय करतो?

पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते. कार्बुरेटरचे काम हवा आणि पेट्रोल याच्या जवळपासच्या प्रमाणात मिसळून इंजिनला देणे.

हे मोजमाप किती बारीक आहे ते हिशेब करून पाहू. ताशी ४५ किलोमीटर वेगाने जाणारी, लिटरला ४५ किलोमीटर एव्हरेज देणारी स्कूटर तासाला १ लिटर पेट्रोल पिते. म्हणजे सेकंदाला सुमारे ०.२८ मिलिलिटर. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर सेकंदाला ५० फेरे होतात. टू-स्ट्रोक इंजिनात दर फेऱ्याला एकदा स्फोट होतो. तेव्हा एका स्फोटाच्या वाट्याला आले ०.००५६ मिलिलिटर, म्हणजे साडेपाच घन मिलिमीटरच्या आसपास. एवढे पेट्रोल दर वेळी मोजून देणाऱ्या या यंत्रात ना विजेचा भाग असतो, ना पंप.

मग पेट्रोल वर कसे चढते? वैनगंगेचे पात्र जिथे खडकांमध्ये अरुंद होते तिथे पाण्याचा वेग वाढतो, हे आपण पाहतो. कार्बुरेटरची नळीही मध्ये अरुंद केलेली असते. तिथे हवेचा वेग वाढतो आणि बर्नोलीने १७३८ साली मांडलेल्या तत्त्वानुसार दाब कमी होतो. अशा नळीला व्हेंचुरी या इटालियन शास्त्रज्ञाचे नाव आहे. खालच्या वाटीतल्या पेट्रोलवर मात्र बाहेरच्या हवेचा पूर्ण दाब असतो. दाबातल्या या फरकामुळे पेट्रोल जेटमधून वर ढकलले जाते आणि त्याचा फवारा होतो. हे तत्त्व वापरणारे फवारा-कार्बुरेटर १८९३ च्या सुमारास जर्मनीत मायबाख यांनी आणि हंगेरीत बांकी व चोंका यांनी तयार केले.

वाटीतली पेट्रोलची पातळी कायम ठेवतो तो फ्लोट. घरावरच्या टाकीत बॉलकॉक जे काम करतो, तेच हा करतो. पातळी खाली गेली की सुई उघडते, वर आली की बंद होते. पातळी एक-दोन मिलिमीटरने बदलली तरी मिश्रणाचे प्रमाण बदलते.

पितळेचा जेट

भंडारा पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे. कार्बुरेटरचा जेटही पितळेचाच. पितळ गंजत नाही आणि त्यात अचूक, गुळगुळीत छिद्र पाडता येते. जेटवर कोरलेला आकडा बहुधा छिद्राचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागात सांगतो. ९८ म्हणजे ०.९८ मिलिमीटर.

आता विद्यार्थ्यांना विचारा : ९८ च्या जागी १०२ चा जेट लावला तर पेट्रोल किती वाढेल? पुष्कळजण चार टक्के म्हणतील. पण छिद्राचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. १०२ ला ९८ ने भागून वर्ग केला तर १.०८ येतात, म्हणजे पेट्रोल आठ टक्क्यांनी वाढते. आणि पितळ मऊ असते. तुंबलेल्या जेटमध्ये लोखंडी तार फिरवली की एवढा फरक सहज पडू शकतो. म्हणून जेट पेट्रोलने धुवावा आणि हवेच्या झोताने साफ करावा, तार घालू नये.

बसवताना

काम उघड्यावर, इंजिन थंड असताना करावे. बिडी-काडी दूर ठेवावी, कारण थंडीच्या दिवसांतही पेट्रोलची वाफ पेट घेते. पेट्रोलचा कॉक बंद करून वाटीतले पेट्रोल पत्र्याच्या डब्यात काढून घ्यावे.

जुना आणि नवा कार्बुरेटर शेजारी ठेवून पाहावा. तोंडाचा व्यास, बोल्टमधले अंतर, वायर कोणत्या बाजूने येते, चोक कसा उघडतो हे तर पाहावेच, पण सर्वांत महत्त्वाचा जेटचा आकडा. बाहेरून अगदी सारखे दिसणारे दोन कार्बुरेटर वेगवेगळ्या इंजिनांसाठी असू शकतात. आकडा वेगळा असेल आणि आटे जुळत असतील तर जुना चांगला जेट नव्यात लावावा.

इंजिनाकडची जागा खरडून स्वच्छ करावी आणि पॅकिंग नवे घालावे. दोन्ही बोल्ट आळीपाळीने, थोडे थोडे आवळावेत. एकच बोल्ट आधी गच्च केला तर तोंड तिरपे बसते आणि फटीतून हवा आत जाते. ही हवा कार्बुरेटरने मोजलेली नसते, त्यामुळे कितीही सेटिंग केले तरी गाडी ताळ्यावर येत नाही. गळती थांबवायला साबण लावण्याची पद्धत आहे, पण तो पेट्रोलच्या वाटेत गेला तर जेट तुंबतो.

मूठ सोडल्यावर आतला स्लाइड 'टक्' आवाज करून पूर्ण खाली बसला पाहिजे. वायरला एक-दोन मिलिमीटर ढील ठेवावी. पेट्रोल सुरू करून पाच मिनिटे थांबावे आणि ओव्हरफ्लो होत नाही ना ते पाहावे. गाडी चालू केल्यावर हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवावे. इंजिनाचा आवाज वाढला तर वायर ताणली जात आहे असे समजावे.

जुळवताना

गाडी दोन-तीन किलोमीटर चालवून इंजिन गरम करावे, चोक बंद असल्याची खात्री करावी. बंद खोलीत इंजिन चालू ठेवू नये. धुरातला कार्बन मोनॉक्साइड जीवघेणा असतो आणि त्याला वास नसतो.

कार्बुरेटरवर दोन स्क्रू असतात. एक स्लाइडला टेकतो, तो आयडलिंगचा वेग ठरवतो. दुसरा मिश्रणाचा. इथे एक फरक लक्षात ठेवावा. मिश्रणाचा स्क्रू स्लाइडच्या अलीकडे, म्हणजे एअर फिल्टरच्या बाजूला असेल, तर तो हवा मोजतो. तो आत फिरवला की हवा कमी होऊन मिश्रण रिच, म्हणजे जास्त पेट्रोलचे होते. स्क्रू इंजिनाच्या बाजूला असेल तर तो मिश्रण मोजतो. तो आत फिरवला की पेट्रोल कमी होऊन मिश्रण लीन होते. दिशा उलटी, म्हणून आधी स्क्रूची जागा पाहावी.

हा स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत बसवून दीड फेरा बाहेर काढावा. जोर लावला तर त्याचे टोक चेपते. गाडीच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तोच घ्यावा. नंतर पाव-पाव फेरा दोन्हीकडे फिरवत, दर वेळी काही सेकंद थांबून, इंजिन सर्वांत वेगाने आणि एकसारखे कुठे चालते ते कानाने शोधावे. तिथे स्क्रू ठेवून आयडलिंगचा वेग कमी करावा आणि एकदा पुन्हा तसेच करावे. टू-स्ट्रोक गाडीत शेवटी सुमारे अष्टमांश फेरा रिचच्या बाजूला ठेवणे सुरक्षित असते.

योग्य जागा सापडतच नसेल तर पॅकिंगच्या सांध्यावर साबणाचे पाणी लावावे. ते आत ओढले जाऊन आवाज बदलला तर तिथे फट आहे. सर्व ठीक असेल तर काही दिवस गाडी चालवून प्लग काढून पाहावा. बिस्किटासारखा तपकिरी रंग ठीक. काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त आहे, पांढराफटक असेल तर कमी. ही खूण ढोबळ आहे, पण उपयोगी आहे.

मे महिन्यातले सेटिंग जानेवारीत

भंडाऱ्यात मे महिन्यात दुपारी पारा ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जातो, जानेवारीत पहाटे १० च्या आसपास उतरतो. केल्विनमध्ये हे झाले ३१८ आणि २८३. म्हणून मे महिन्याच्या दुपारची हवा सुमारे ११ टक्क्यांनी विरळ असते. इंजिन तेवढ्याच घनफळाची हवा ओढते, पण तिचे वजन ११ टक्के कमी भरते. व्हेंचुरीतला दाबाचा फरकही ११ टक्क्यांनी घटतो. मात्र पेट्रोलचा प्रवाह या फरकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असल्यामुळे तो सहा टक्क्यांच्या आसपासच घटतो. म्हणजे तोच कार्बुरेटर उन्हाळ्यात सुमारे सहा टक्के रिच आणि थंडीत तितकाच लीन.

यात दुसरी गोष्ट मिळाली आहे. २०२५ पासून देशात पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते. इथेनॉलला जळायला वजनाच्या नऊ पटच हवा लागते, कारण त्याच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असतो. २० टक्के मिश्रणाचे प्रमाण १३.५ च्या जवळ येते. शुद्ध पेट्रोलसाठी निवडलेला जेट त्यामुळे सुमारे आठ-नऊ टक्क्यांनी लीन ठरतो. नव्या गाडीत संगणक फवारणी वाढवतो, पण पितळेच्या छिद्राला ते जमत नाही. कारखान्यात जेट निवडताना पेट्रोल थोडे जास्तच धरलेले असते, म्हणून बहुधा निभावते. पण आधीच लहान जेट, पॅकिंगची फट किंवा फाटलेला फिल्टर असेल आणि थंडीची पहाट असेल, तर ही सगळी तूट एकत्र येते.

टू-स्ट्रोक इंजिनाला ती फार महागात पडते. त्याचे ऑइल पेट्रोलमधूनच येते, सहसा लिटरला २० मिलिलिटर. पेट्रोल कमी झाले की ऑइलही कमी मिळते. आत येणाऱ्या पेट्रोलची वाफ होताना मिळणारा गारवाही घटतो. पिस्टन तापून फुगतो आणि सिलिंडरमध्ये जाम होतो. चालू गाडीत हे झाले की मागचे चाक अडकते. लांब चढावर किंवा वेगात इंजिनाची ताकद एकाएकी ओसरली, आवाज कोरडा झाला, तर ताबडतोब क्लच दाबून गाडी बाजूला घ्यावी.

उलट, भीतीपोटी मिश्रण फार रिच ठेवणेही बरे नाही. एव्हरेज घटते, प्लग काळा होतो आणि धुरातला कार्बन मोनॉक्साइड वाढतो. ३१ मार्च २००० पूर्वीच्या दुचाकीला पीयूसी तपासणीत आयडलिंगच्या वेळी त्याची मर्यादा ४.५ टक्के आहे, त्यानंतरच्या जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांना ३.५ टक्के. धानाच्या मळणीच्या आणि राइस मिलच्या धुळीने फिल्टर चोंदला तरी मिश्रण रिच होते. तेव्हा सेटिंगच्या आधी फिल्टर साफ करावा, नाहीतर आपण धुळीप्रमाणे स्क्रू फिरवत बसतो.

वर्गात काय करता येईल?

पाण्याच्या ग्लासात एक स्ट्रॉ उभी धरा. तिच्या वरच्या टोकावरून दुसऱ्या स्ट्रॉने जोरात आडवी फुंकर मारा. पाणी वर चढून त्याचा फवारा उडतो. उभी स्ट्रॉ अर्धी कापून पुन्हा करा. पाण्यापासून टोक जितके जवळ, तितके काम सोपे. फ्लोटची पातळी का महत्त्वाची, हे यावरून मुलांना आपोआप कळते. मोठ्या विद्यार्थ्यांना जेटच्या वर्गाचा आणि तापमानाच्या वर्गमुळाचा हिशेब स्वतः करू द्या. पेट्रोल वर्गात आणू नका.

आणि जमले तर गावातल्या मिस्त्रीला एखाद्या शनिवारी शाळेत बोलवा. एक खराब झालेला, धुऊन वाळवलेला कार्बुरेटर त्यांच्याकडे नक्की असेल. तो मुलांनी खोलून पाहावा, जेटवरचा आकडा वाचावा, आणि मिस्त्री कानाने काय ऐकतात ते त्यांना विचारावे.