चिंकाऱ्याची पेर

मावशींनी तळहात ओला केला, त्यावर कुसळीचं एक बी ठेवलं आणि म्हणाल्या, "आता बघा." बियाची पिळलेली काळपट शेपटी ओल लागताच उलगडत गरगर फिरू लागली. "असंच जमिनीत घुसतंय. मेंढराच्या कातड्यातबी." धनगर कुसळीला शिव्या घालतात ते उगीच नाही.

पाटस सोडून रोटी घाट चढलं की दौंडचा जिरायत माळ लागतो. दिवाळी तोंडावर आली की इथल्या गवताचं बी धरायचं. पवन्या, मारवेल, डोंगरी. विळा लावायचा नाही; तुरा मुठीत धरून खालून वर हात ओढायचा. पिकलेलं बी हातात येतं, कच्चं काडीला राहतं. सगळं एकदम पिकत नाही, म्हणून त्याच जागी पुन्हा फेरी. मी तासाभरात जेमतेम ओंजळभर जमवलं, त्यातही निम्मं भूस. मावशींची पाटी तोवर भरत आली होती.

ताजं बी लगेच पेरलं तर फारसं उगवत नाही, त्याला काही महिने झोप काढावी लागते. गोणीत ठेवायचं आणि मृगाचा पाऊस झाला की बाहेर काढायचं. नुसतं फेकलं तर वाऱ्यावर जातं. ओलसर माती आणि शेणखतात कालवून टाकायचं, वरून बोराटी ओढायची. नखभर माती पुरे. जास्त खोल गेलं की संपलं. पहिल्या वर्षी मुळं धरेपर्यंत चराई बंद, आणि वाद पेटतो तो इथेच. मेंढरं घेऊन धनगराने जायचं कुठे, हा प्रश्न खोटा नाही.

गवताळ माळाला पडीक समजून त्यावर ग्लिरिसिडिया लावण्याची हौस मला कधीच कळली नाही. चिंकाऱ्याला लांबवर दिसणारं रान लागतं. शेजारी बारामती तालुक्यात सुप्याला १९९७ साली त्याच्यासाठी मयूरेश्वर अभयारण्य झालं, तेही जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं. पलीकडे शिरूरमध्ये पाणी पोचलं तिथे माळाचा ऊस झाला, आणि उसात बिबट्या राहायला आला.

आपण चिंकाऱ्याला हरीण म्हणतो; खरं तर तो कुरंग. त्याची शिंगं हरणासारखी दरवर्षी गळत नाहीत, आणि मादीलाही असतात.

उन्हं कलल्यावर मावशींनी बोट केलं. बांधाजवळ दोन चिंकारे, काळी शेपटी सारखी हलती. आमच्या पाट्यांपासून शंभरेक पावलांवर गेल्या वर्षी पेरलेला पवन्या गुडघाभर उभा होता. त्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. बोरीचा पाला ओरबाडत होते.

"खातील," मावशी म्हणाल्या, "पाऊस पडल्यावर कवळा फुटला की खातील." तेवढ्यात एकाने शिंकल्यासारखा आवाज काढला आणि दोघंही माळापार झाले. मावशी पुन्हा तुरे ओढायला वाकल्या.