यंत्र घरोघरी, खेळ कुठे?

मागच्या व्याख्यानानंतर एका तरुण श्रोत्याने आम्हाला विचारलं, “सर, एखादा गेम कन्सोल उत्तम असतो, भरपूर खपतो, तरी लोक म्हणतात की त्यावर खेळायला काही नाही. हे कसं?” विषय आमच्या वयाला परका, पण प्रश्न साधन आणि साध्य यांचाच आहे. म्हणून आज तोच घेऊ.

कन्सोल म्हणजे टीव्हीला जोडायचा, खेळासाठीच केलेला संगणक. खेळ नसेल तर ती नुसती पेटी. खेळ बनवणारे म्हणतात, ज्याची यंत्रं जास्त घरांत, त्याच्यासाठी आम्ही खेळ करू. गिऱ्हाईक म्हणतं, ज्याचे खेळ जास्त, त्याचं यंत्र आम्ही घेऊ. आपल्या न्यायशास्त्रात याला अन्योन्याश्रय म्हणतात. पहिलं दुसऱ्यावर टेकलेलं, दुसरं पहिल्यावर. तर्कात हा दोष. बाजारात मात्र हे चाक कुणीतरी पहिल्यांदा फिरवून द्यावं लागतं.

जपानमधलं उदाहरण बघा. सोनीचा प्लेस्टेशन डिसेंबर 1994 मध्ये आला, निन्टेन्डो 64 जून 1996 मध्ये. निन्टेन्डोचं यंत्र 64 बिटांचं, सोनीचं 32 बिटांचं. पण निन्टेन्डोने खेळ कार्ट्रिजवरच ठेवले. आपली मुलं जिला ‘कॅसेट’ म्हणायची, तीच ही. तिच्यात जास्तीत जास्त 64 मेगाबाइट मावत, आणि ती बनवायला महाग. सोनीच्या सीडीवर त्याच्या दसपट मावे, तेही स्वस्तात. ‘फायनल फँटसी’ ही मालिका निन्टेन्डोच्याच यंत्रांवर वाढलेली, पण तिचा सातवा भाग 1997 मध्ये प्लेस्टेशनवर निघाला. निन्टेन्डोचे स्वतःचे खेळ अप्रतिम होते, आणि यंत्रंही सुमारे 3 कोटी 30 लाख खपली. सोनीची 10 कोटींच्या वर गेली. दुसऱ्यांना खेळ करणं कुठे परवडतं, यावर पारडं फिरलं.

आता आपल्या घरी येऊ. 1990 नंतर आपल्याकडे स्वस्त टीव्ही-गेम आले. ते बहुतेक निन्टेन्डोच्या 1983 सालच्या फॅमिकॉमची नक्कल. खोक्यावर शेकडो खेळांचा आकडा, आणि सुरू केलं की मारिओ, कॉन्ट्रा, रणगाडे, मग तेच खेळ पुन्हा नाव बदलून! मुलं त्यावरही खूश होती, हे मान्य. पण असं का झालं? यंत्राची नक्कल करता येते. नवा खेळ मात्र कुणीतरी बसून करावा लागतो. नक्कल विकणाऱ्याचा खेळ करणाऱ्यांशी संबंधच नव्हता. ज्या मुलाला खेळ आवडला, त्याला स्वतः खेळ करण्याची वाट त्या पेटीत कुठेच नव्हती.

ती वाट पुढे काहींनी स्वतः काढली. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ हा खेळ 2020 मध्ये आधी निन्टेन्डो स्विचवर आला. सर्कशीत वाढलेली एक मुलगी हरवलेल्या भावाला शोधते, अशी त्याची गोष्ट. 2017 मध्ये त्यांनी इंटरनेटवरून लोकवर्गणी मागितली होती, ती पुरी जमली नाही. हिंदी आवाज नंतरच्या आवृत्तीत आला. म्हणजे यंत्र घरात येणं आणि आपला खेळ त्यात येणं, यांत केवढं अंतर पडलं बघा.

आपल्या दापोलीच्या आसपास शिमग्यात खेळे निघतात. साधन किती? मृदंग, टाळ, रंग, थोडे कपडे. संकासुर आला की पोरं पळतात, आणि त्याच पोरांतला एखादा मोठेपणी संकासुर होतो. बघणाऱ्याला करणारा होता येतं, म्हणून तो खेळ टिकला.

शाळाशाळांत आता टॅब आणि पडदे येत आहेत. यावेत, आमची तक्रार नाही. फक्त यंत्रं किती आली एवढं मोजून थांबू नका. त्यात मुलांच्या भाषेतलं काय आहे, आणि त्यांना स्वतःला त्यात काय करता येईल, हेही विचारा. प्रश्न असतील तर आता घेऊ.