सरकून बसणारी माणसं

नशिराबादच्या पारावर संध्याकाळी कुणी नवा माणूस आला, की बसलेल्यांपैकी एकजण सरकतो. “ये ना भो, बस,” म्हणत पेपरची घडी उचलतो आणि जागा करून देतो. गप्पांचा पीळ तुटत नाही. जुनी माणसं एकेक करून कमी होतात, तरी पार चालतो तो या सरकण्यावर. इंटरनेटवरचे मराठी पार का थंडावले, याचा विचार करताना मला हेच सरकणं आठवतं.

‘मायबोली’ ही वेबसाइट १९९६च्या गणेश चतुर्थीला अमेरिकेतून सुरू झाली. २००४ मध्ये ‘मनोगत’ आलं, २००७ मध्ये ‘मिसळपाव’. पाककृतीपासून गझलेपर्यंत आणि किल्ल्यांपासून राजकारणापर्यंत सगळ्यावर तिथे रात्र-रात्र वाद रंगले. ओळखी झाल्या, गटग म्हणजे प्रत्यक्ष भेटी झाल्या, दिवाळी अंक निघाले. ज्यांनी शाळेनंतर मराठीत चार ओळी लिहिल्या नव्हत्या, ते तिथे लिहिते झाले. पण पुढे ती वर्दळ ओसरली.

दोष सहसा फेसबुक-व्हॉट्सॲपला दिला जातो. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला आणि गप्पा मोबाइलवर गेल्या, हे खरंच आहे. पण कारणं घरातही आहेत.

पहिलं कारण आकड्यांचं. वेबच्या वापराचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००६ मध्ये एक ढोबळ हिशेब मांडला : अशा समूहात शंभरातले नव्वद फक्त वाचतात, नऊ अधूनमधून लिहितात आणि बहुतेक सगळं लिखाण एकाच्या हातून होतं. म्हणजे हजारो सभासदांची चर्चा मूठभरांच्या खांद्यावर असते. त्यातल्या कुणाची नोकरी बदलते, कुणाला मूल होतं, कुणी भांडून जातो. असे दहा जण गेले, तरी अंगण रिकामं दिसतं.

दुसरं कारण भाषेचं. ‘पुलेशु’ म्हणजे पुढील लेखनास शुभेच्छा, ‘डुआयडी’ म्हणजे दुसऱ्या नावाने वावरणारा. आतल्यांना यात घरपण वाटतं, नवख्याला मात्र बंद दार दिसतं. भाषा जुन्यांनाही सोडत नाही. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१३ मध्ये बिअरच्या चवीवर चर्चा करणाऱ्या दोन समूहांचं कित्येक वर्षांचं लिखाण तपासलं. सभासद सुरुवातीला तिथले शब्द भराभर उचलतो, मग त्याची भाषा थिजते. समूहाची बोली पुढे सरकत राहते आणि तो हळूहळू परका होऊन निघून जातो.

म्हणजे जुने जाणारच. प्रश्न नव्यांचा आहे. इंग्रजी विकिपीडियाचे सक्रिय संपादक २००७ पर्यंत वाढले आणि मग घटू लागले. २०१३च्या एका अभ्यासात त्याचं कारण सापडलं : दर्जा राखण्यासाठी केलेले नियम आणि यंत्रं इतकी कडक झाली, की चांगल्या हेतूने आलेल्या नवख्याचं कामही पुसलं जाऊ लागलं. ज्या कुंपणाने बाग राखली, त्यानेच नवी रोपं अडवली.

यावर उपाय मात्र साधा आहे. युजनेट या जुन्या चर्चागटांवरच्या २००६च्या अभ्यासात दिसलं, की पहिल्या लिखाणाला उत्तर मिळालेला माणूस पुन्हा लिहिण्याची शक्यता जास्त असते. ते उत्तर गोड होतं की तिखट, याने फारसा फरक पडला नाही. कुणीतरी दखल घेतली, एवढं पुरलं.

हे आपल्या दहावीच्या बॅचच्या ग्रुपलाही लागू आहे. तिथे ‘शुभ सकाळ’च उरलं असेल, तर मागे जाऊन पाहा. कधीतरी कुणीतरी आईच्या आजारपणाबद्दल, कपाशीच्या भावाबद्दल किंवा वाचलेल्या पुस्तकाबद्दल चार ओळी लिहिल्या असतील आणि त्याखाली काहीच नसेल. आज त्या माणसाला उत्तर द्या. उशीर झाला असला तरी द्या. जागा अशीच होते.