झोका किती चढवावा?

पुण्याहून साताऱ्याकडे निघालात आणि चेलाडी फाट्याला वळलात, की नसरापूर लागते. हाच रस्ता पुढे वेल्ह्याला जातो. भोर तालुक्यातल्या या नसरापुरात बनेश्वराचे देऊळ आहे. पेशवे नानासाहेबांनी ते अठराव्या शतकात बांधले. या देवळातली घंटा नीट पाहा. तिच्यावर क्रूस आहे आणि १६८३ हे साल कोरलेले आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ साली पोर्तुगिजांकडून वसई जिंकली, त्या विजयाची ही खूण. भीमाशंकरला आणि वाईजवळ मेणवलीलाही अशा घंटा आहेत.

घंटा तिकडची असो की इकडची, तिच्या पोटात लोंबणारा लोळा एकाच नियमाने हलतो. वरून टांगलेले आणि मोकळे हलणारे ते एक वजन. घड्याळाचा लंबक, बाळाचा पाळणा आणि नागपंचमीचा झोका ही सगळी त्याचीच भावंडे. श्रावणात पोरीबाळी झाडाला झोके बांधतात. तो झोका किती उंच न्यावा, दोर किती भक्कम हवा, याचे उत्तर या लोळ्यापाशी आहे.

तुमच्या गावच्या देवळात घंटेचा लोळा हातात धरून पाहा. तो सरळ खाली लोंबत असतो, तेव्हा त्याला जागेवर ठेवायला काहीच जोर लागत नाही. थोडा बाजूला ओढा, तो थोडा माघारी ओढेल. आणखी ओढा, तो आणखी ओढेल. लोळ्याचे वजन तर वाढले नाही. मग हा जोर आला कुठून?

जिथे लोळा टांगला आहे, तिथून गवंड्याचा ओळंबा सोडला आहे असे समजा. लोळा त्या ओळंब्यापासून आडवा जितका दूर जाईल, तितका त्याचा माघारी फिरवणारा जोर वाढतो. पहारीने धोंडा उलथताना तुम्ही पहार टोकाला धरता, कारण टेकूपासून हात जितका दूर, तितका जोर जास्त. इथेही तेच. विज्ञानात याला बलाचे आघूर्ण म्हणतात.

हे घरी करून पाहता येते. एक मीटर दोरीला मुठीएवढा दगड बांधून तुळईला टांगा. दोरी १० अंश कलली, की दगड ओळंब्यापासून १७ सेंटीमीटर दूर जातो. ३० अंशांवर ५० सेंटीमीटर, ६० अंशांवर ८७ आणि दोरी पार आडवी झाली की १००. म्हणजे ३० अंशांवरच निम्मा जोर झाला. पुढे कोन दुप्पट केला तरी जोर दुप्पट होत नाही. सुरुवातीला कोन आणि जोर जोडीने वाढतात, नंतर जोराची वाढ मंदावते.

सुरुवातीच्या या जोडीवरच लंबकाचे घड्याळ चालते. लंबक थोडा जास्त लांब गेला, तर त्याच मानाने जास्त जोराने माघारी येतो. म्हणून लहान हेलकाव्याला आणि त्याहून थोड्या मोठ्या हेलकाव्याला सारखाच वेळ लागतो. तुमचा मीटरभर दोरीचा दगड मिनिटाला ३० वेळा जाऊन येईल. दगड बदललात तरी तीसच. हॉलंडच्या हायगेन्सने १६५६ साली याच गुणावर घड्याळ बनवले. हेलकावा ६० अंशांवर नेलात, तर मात्र दर फेरीला शंभराला सात या मानाने वेळ वाढतो.

आता झोक्याकडे वळू. वर चढलेला झोका खाली येतो, तो वेग घेऊनच. अगदी खालच्या जागी वेग सर्वांत जास्त असतो आणि तिथे दोराला दोन कामे पडतात. अंगाचे वजन पेलायचे आणि वेगात निघालेल्या झोक्याला पुन्हा वर वळवायचे. म्हणून खाली दोरावरचा ताण वजनाहून जास्त असतो. झोका ३० अंशांवरून आला, तर ताण वजनाच्या सव्वापट होतो. ६० अंशांवरून आला तर दुप्पट आणि आडव्या दोरावरून आला तर तिप्पट.

हिशेब करून पाहा. पन्नास किलोच्या दोघी मुली समोरासमोर उभ्या राहून झोका घेत आहेत. झोका ६० अंश चढला, तर खाली येताना फांदीवर २०० किलोचा भार पडतो. नुसते बसून ‘फांदी पेलते की’ असे म्हणून चालत नाही, ते यासाठी. दोर आडव्याच्याही वर गेला तर तो मध्येच सैल पडतो आणि मग असा हिसका देतो, की चांगला दोरही दगा देतो.

तेव्हा झोका बांधताना एवढे पाहा. शेवग्याला झोका बांधू नका. ती फांदी कचकन मोडते. चिंचेची किंवा आंब्याची जाड, न किडलेली फांदी निवडा. जुना दोर असेल तर पीळ उकलून आत कुजला आहे का ते बघा. फांदीवर दोर घासतो तिथे गोणपाट गुंडाळा. जो बसणार त्याच्या तिप्पट वजन, धान्याची पोती म्हणा, आधी झोक्याला टांगून पाहा.

कोन मोजायला कंपास लागत नाही. झोक्याचा पाट दोराच्या निम्म्या लांबीइतका आडवा गेला, की ३० अंश. लहान मुलांना तेवढे पुष्कळ. पाट दोराच्या निम्म्या लांबीइतका वर चढला, की ६० अंश. मोठ्यांनीही तिथे थांबावे. झोका खाली घालताना झाडाच्या बुंध्यावर तेवढ्या उंचीला चुन्याची एक रेघ ओढून ठेवा आणि पोरींना सांगा, रेघेच्या वर पाट न्यायचा नाही.