पाटी कोणी काढली?

'हिडन फिगर्स' हा इंग्रजी चित्रपट २०१६ साली आला. अमेरिकेच्या नासा या अंतराळ संस्थेत आकडेमोड करणाऱ्या तीन कृष्णवर्णीय स्त्रियांची ही कथा आहे. कॅथरीन जॉन्सन, डोरोथी वॉन आणि मेरी जॅक्सन ही त्यांची खरी नावे. ज्या घरात मुली शिकत आहेत, त्या घरातील आई-वडिलांनी हा चित्रपट मुलांसह जरूर पाहावा. तथापि तो संपल्यावर मुलांना एक प्रश्न विचारावा. पाटी कोणी काढली?

चित्रपटात कॅथरीनला शौचालयासाठी अर्धा मैल पळत जावे लागते, कारण जवळचे शौचालय फक्त गोऱ्या बायकांचे. एके दिवशी ती पावसात भिजून परतते आणि सर्वांसमोर साहेबाला सुनावते. मग तो गोरा साहेब लोखंडी पहार घेतो आणि वेगळ्या शौचालयाची पाटी घाव घालून पाडतो. आमच्या वस्तीतील मुलांना आम्ही हा चित्रपट अर्थ सांगत सांगत दाखवला, तेव्हा याच ठिकाणी सर्वांत मोठ्या टाळ्या पडल्या.

परंतु वाचकहो, हा प्रसंग घडलेलाच नाही! तो साहेब हे पात्रसुद्धा कल्पित आहे. खऱ्या कॅथरीनबाई अर्धा मैल पळाल्या नाहीत. गोऱ्या बायकांच्या शौचालयावर पाटीच नव्हती, म्हणून त्या सरळ तेथेच जात राहिल्या. पुढे कोणी हरकत घेतली, तरी त्यांनी तिकडे लक्ष दिले नाही. शौचालयाचा अपमान सोसला तो मेरी जॅक्सन यांनी. त्यांनी जागा विचारली तेव्हा गोऱ्या सहकारी बायका हसल्या होत्या.

आणि ज्या बाईने खरोखर पाटी काढली, ती चित्रपटात मुख्य पात्र नाहीच. तिचे नाव मिरियम मान. व्हर्जिनिया राज्यातील लँगली येथील प्रयोगशाळेत १९४३ पासून कृष्णवर्णीय स्त्रियांची गणिताच्या कामावर भरती झाली. तेव्हा 'कॉम्प्युटर' हे यंत्राचे नव्हे, आकडेमोड करणाऱ्या माणसाच्या पदाचे नाव होते. काम तेच, पण बसायचे वेगळ्या इमारतीत. कॅन्टीनमध्ये मागचे एक टेबल त्यांचे आणि त्यावर तशी पाटी. या अपमानाची चव आपल्या वाचकांना समजावून सांगायला नको. मिरियमबाईंनी एके दिवशी ती पाटी उचलून आपल्या पर्समध्ये टाकली. काही दिवसांनी नवी पाटी आली. तीही पर्समध्ये गेली. पुन्हा आली, पुन्हा गेली. नोकरी जाईल ही भीती घरच्यांना होतीच. अखेर एक दिवस पाटी पुन्हा आलीच नाही. कोणी घाव घातला नाही, टाळ्या वाजल्या नाहीत. म्हणूनच कदाचित सिनेमावाल्यांना पहार अधिक बरी वाटली असेल.

मुळात या स्त्रियांना प्रयोगशाळेचे दार उघडले ते कोणाच्या दयेने? दुसरे महायुद्ध सुरू होते, माणसे हवी होती, हे खरे. पण त्याआधी ए. फिलिप रँडॉल्फ यांनी सरकारला एक इशारा दिला होता. रँडॉल्फ हे रेल्वेच्या शयनयान डब्यांतील कृष्णवर्णीय कामगारांच्या युनियनचे नेते. युद्धसामग्रीच्या कारखान्यांत आमच्या लोकांना घ्या, नाहीतर १ जुलै १९४१ रोजी एक लाख लोक वॉशिंग्टनवर चालून येतील, असे त्यांनी बजावले. अध्यक्ष रूझवेल्ट यांनी २५ जूनलाच आदेश क्रमांक ८८०२ काढला आणि युद्ध-उत्पादनात व सरकारी नोकरीत वंशभेदाला मनाई केली. मोर्चा निघालाच नाही, नुसत्या तयारीने काम झाले. अंथरुणे घालणाऱ्या, सामान उचलणाऱ्या हमालांच्या संघटनेने गणिताच्या पदवीधर मुलींना वाट करून दिली! चित्रपटात याचा एक शब्दही नाही.

डोरोथी वॉन त्याच वाटेने आल्या. गणिताची पदवी असलेल्या या शिक्षिकेने १९४३ च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत लष्करी छावणीच्या धुलाईखान्यात ताशी ४० सेंट मजुरीवर काम केले. शिक्षिकेचा पगार मुलाबाळांना पुरत नव्हता. लँगलीच्या नोकरीने तो दुपटीहून अधिक झाला. १९४९ साली त्या आपल्या विभागाच्या प्रमुख झाल्या. त्या ज्या प्रिन्स एडवर्ड काउंटीतून आल्या, तेथील गोऱ्या अधिकाऱ्यांनी पुढे काय केले पाहा. न्यायालयाने शाळा एकत्र करा म्हटल्यावर त्यांनी १९५९ ते १९६४ अशी पाच वर्षे सर्व सरकारी शाळांना कुलूप ठोकले. गोऱ्या मुलांसाठी खासगी शाळा निघाली. काळी मुले घरी बसली. विषमता अडाणीपणातून येते असे म्हणणाऱ्यांनी हे जरूर वाचावे, कारण हा निर्णय शिकल्या-सवरल्या माणसांनी सभेत बसून घेतला होता.

सर्वच गोरे तसे होते असे मात्र नाही. शौचालयाच्या प्रसंगाने संतापलेल्या मेरी जॅक्सन यांनी काझिमिएर्झ झार्नेकी या गोऱ्या अभियंत्यापाशी मन मोकळे केले. त्याने त्यांना आपल्या हाताखाली घेतले आणि अभियंता होण्याचा आग्रह धरला. त्याने पहार उचलली नाही, पण काम दिले आणि शिकायला लावले. अभ्यासक्रमाचे वर्ग गोऱ्यांच्या शाळेत रात्री भरत. तेथे बसण्यासाठी मेरीबाईंना हॅम्प्टन शहराची खास परवानगी काढावी लागली. आत गेल्यावर पाहतात तो काय, ज्या शाळेचा एवढा तोरा, ती इमारत जुनाट आणि मोडकळीला आलेली!

१९५८ मध्ये त्या नासाच्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला अभियंता झाल्या. त्याच वर्षी वेगळा विभागही मोडला, जरी चित्रपट तो १९६१ पर्यंत चालू दाखवतो. पुढे १९७९ साली त्यांनी अभियंत्याचे वरचे पद आपणहून सोडले आणि खालच्या श्रेणीवर, स्त्रियांच्या भरती-बढतीचे काम पाहणाऱ्या कचेरीत जागा घेतली. निवृत्तीपर्यंत, म्हणजे १९८५ पर्यंत, त्या मागून येणाऱ्या मुलींचे अर्ज पुढे सरकवत राहिल्या.