भाव तळाला जातो तेव्हा

जुन्या गाडीची पारख करणारा माणूस आधी किंमत विचारत नाही, खिशातून लोहचुंबक काढतो. रंगावर ओरखडा उठू नये म्हणून चुंबकाला फडकं गुंडाळलेलं असतं. नागपुरात कामठी रोडलगतच्या एका गॅरेजमध्ये दोन दरवाज्यांच्या स्टँडर्ड हेराल्डची अशी तपासणी चालली होती आणि मी बाजूला स्टुलावर बसून ती पाहत होतो. मिस्त्री दाराच्या खालच्या कडेने चुंबक सरकवत नेत होते. एका जागी तो पत्रा सोडून त्यांच्या हातात आला. "इथं लांबी भरली हाये, भाऊ," ते गिऱ्हाइकाला म्हणाले. रंगाखाली पत्रा नाही, लेप आहे, हे कळलं आणि तिथेच भाव पहिल्यांदा उतरला.

तरीही ही गाडी पाहायला गिऱ्हाईक पुण्याहून आलं होतं, ते नागपूरच्या हवेपायी. समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत गाडीचा तळ आणि चेसिस आतून गंजत जातात. इकडे पावसाळ्याचे महिने सोडले तर हवा कोरडी, त्यामुळे पत्रा टिकतो. मात्र मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि काचेभोवतीचं रबर, डॅशबोर्ड, सीटचं रेक्झिन तडकून जातं. मिस्त्रींनी हे सगळं एका वाक्यात बसवलं, "मुंबईची गाडी खालून सडते, आपली वरून जळते." खरेदीच्या हिशेबात वरून जळालेली गाडी बरी. रबर आणि रेक्झिन नवं करता येतं, सडलेल्या चेसिसचं मात्र काही खरं नसतं.

मग बॉनेट उघडलं. हेराल्डचं बॉनेट दोन्ही बाजूंच्या मडगार्डांसकट पुढच्या बाजूला कलंडतं. अख्खं इंजिन उघडं पडतं आणि चाकावर बसूनही काम करता येतं. इटलीच्या जोव्हान्नी मिकेलॉत्तींनी रेखलेली ही ब्रिटिश ट्रायम्फ हेराल्ड १९६१ पासून मद्रासची स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स कंपनी इथे बनवू लागली. पुढे भारतीय कुटुंबांच्या सोयीसाठी तिला चार दरवाजे आले. आज संग्राहक शोधतात ती गैरसोयीची दोन दरवाज्यांची.

या गाडीला वेगळी चेसिस आहे आणि बॉडी तिच्यावर तुकड्यातुकड्यांनी बोल्टने बसवलेली आहे. दुरुस्तीला हे सोयीचं, पारखणाऱ्याला डोकेदुखीचं, कारण तीन मोडक्या गाड्यांतून एक चालती गाडी उभी करता येते. म्हणून मिस्त्री नंबरांकडे वळले. इंजिनावरचा नंबर आणि चेसिसवरचा नंबर रॉकेलच्या चिंधीने पुसून टॉर्चच्या उजेडात वाचले, आरसी बुकाशी ताडून पाहिले, अक्षरांवर बोट फिरवून पंचिंग जुनंच आहे ना याचा अंदाज घेतला. दोन्ही नंबर जुळले. भाव पुन्हा चढला. बाहेर चकाचक पण कागदात गडबड असलेल्या गाडीपेक्षा बाहेर कळकट पण कागद स्वच्छ असलेली गाडी या धंद्यात महाग जाते.

एका गाडीचा भाव असा तासाभरात खालीवर होतो. एका मॉडेलचा भाव खालीवर व्हायला तीस-चाळीस वर्षं लागतात. शोरूममधून निघालेली गाडी आधी उतरत जाते. मग ती दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे जाते आणि विशीच्या आसपास कधीतरी तिची किंमत लोखंडाच्या वजनावर येते. हा तळ. इथे बहुतेक गाड्या कापल्या जातात. उरलेल्यांचा भाव काही वर्षं हलत नाही आणि मग ती गाडी नवी होती तेव्हा शाळेत जाणारी मुलं पन्नाशीला येतात. कर्ज फिटलेलं असतं, मुलं मार्गी लागलेली असतात, आणि लहानपणी शेजाऱ्याच्या फाटकातून पाहिलेली ती गाडी आता घेता येईल असं त्यांच्या लक्षात येतं. गाडी तीच असते, घेणारा मोठा झालेला असतो.

तापट गाड्यांच्या बाबतीत ही दरी जास्त खोल. एस्कॉर्ट्सने १९८३ मध्ये आणलेली राजदूत ३५० ही मोटारसायकल म्हणजे यामाहाची आरडी ३५०. दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, सहा गिअर, आणि पेट्रोलची अशी तहान की मध्यमवर्गाने तिच्याकडे पाठ फिरवली. दशक सरता सरता ती बंदही पडली. आज जुन्या भारतीय दुचाकींत तिचा मान वरचा आहे. १९८४ ते २००२ या काळात बनलेल्या हिंदुस्तान कॉन्टेसाचं असंच झालं. पेट्रोल पिते म्हणून लोकांनी ती मिळेल त्या भावात काढून टाकली. ज्या दुर्गुणांपायी या गाड्या कापल्या गेल्या, त्याच दुर्गुणांसाठी आता उरलेल्यांना गिऱ्हाईक आहे.

सुट्या भागांचं गणित वेगळं. प्रीमियर पद्मिनी पुष्कळ वर्षं स्वस्तात सांभाळता आली, कारण मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्स्यांमुळे तिच्या सामानाचा बाजार जिवंत होता. शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरमध्ये नोंदली गेली. वीस वर्षांची मुदत संपून ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून गेली. टॅक्सी होती तोवर पद्मिनी रोजच्या नजरेतली होती, आता ती जपण्याची वस्तू झाली आणि सामानही सहज मिळेनासं होत चाललं.

चढलेला भाव चढाच राहतो असं मात्र नाही. १९६२ ते ६४ दरम्यान फेरारीने २५० जीटीओ ही शर्यतीची गाडी अवघ्या ३६ नगांत बनवली. नवी असताना अमेरिकेत तिची किंमत १८ हजार डॉलरच्या आसपास होती. शर्यतीतून बाद झाल्यावर ती काही हजार डॉलरवर आली. १९८८ मध्ये एन्झो फेरारी वारले, जपानमध्ये पैशाला पूर आला होता, आणि १९८९ मध्ये एक जीटीओ सुमारे १ कोटी ४६ लाख डॉलरला गेली. फुगा फुटल्यावर १९९४ मध्ये तीच गाडी सुमारे ३५ लाखांत विकली गेली. २०१८ च्या लिलावात दुसऱ्या एका जीटीओला ४ कोटी ८४ लाख डॉलर मिळाले. भाव शिखरावर असताना ज्यांनी कर्ज काढून घेतली होती, त्यांना पुढच्या चढणीचा काय उपयोग?

तिकडे निदान लिलावाचा आकडा छापून येतो. आपल्याकडे ऑनलाइन दिसतो तो मागितलेला भाव. सौदा किती रुपयांत पटला हे विकणारा, घेणारा आणि मधला दलाल यांच्यातच राहतं. एखाद्या गाडीला 'फार आले' अशी बातमी पसरली की गावोगावचे मालक आपला आकडा वाढवून बसतात, आणि गाडी तशीच उभी राहते. त्या हेराल्डच्या मालकाच्या तोंडीही दुसऱ्या शहरातल्या अशाच एका सौद्याचा दाखला होता. मिस्त्रींनी त्यावर वाद घातला नाही. रबर, वायरिंग, ब्रेक, डेंटिंग-पेंटिंग असा खर्च त्यांनी कागदावर मांडला आणि कागद मालकापुढे सरकवला.

तळाशी असलेली गाडी जिवंत ठेवणं कायद्याच्या हिशेबातही सोपं नाही. १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं. एप्रिल २०२२ मध्ये मोटारीसाठी ही फी ६०० वरून ५,००० रुपये झाली. शिवाय महाराष्ट्रात पर्यावरण कर आहे. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार गाडीला 'व्हिंटेज' म्हणवून घ्यायला पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं व्हावी लागतात आणि चेसिस, बॉडी, इंजिन मूळचंच असावं लागतं. नव्या नोंदणीला २०,००० रुपये लागतात, ती १० वर्षं चालते, आणि अशी गाडी रोजच्या कामाला वापरता येत नाही. पंधरा ते पन्नास या पस्तीस वर्षांत गाडी नुसती जुनी असते, आणि भावाचा तळही याच वर्षांत येतो.

एवढी वर्षं जागा, फी आणि दुरुस्ती यांवर झालेला खर्च मांडला तर गुंतवणूक म्हणून तळातली गाडी सांभाळणं बहुधा परवडत नाही. फायदा होतो तो चढण सुरू झाल्यावर येणाऱ्याला. आज ज्यांना भाव आहे त्या गाड्या नागपूरच्या महाल भागातल्या वाड्यात जागा होती म्हणून, वडिलांची म्हणून, किंवा नुसत्या आळसाने उरल्या. बाजार विका म्हणत होता तेव्हा कुणीतरी त्याचं ऐकलं नाही. पहिली मारुती ८०० मालकाच्या हाती पडली १४ डिसेंबर १९८३ ला, म्हणजे २०३३ च्या अखेरीस त्या पहिल्या खेपेच्या गाड्या कायद्याने व्हिंटेज ठरू लागतील. तेव्हाचा भाव किती उरल्या यावर ठरेल, आणि किती उरतील हे भंगारवाल्याला आज होकार मिळतो की नकार, यावर.