आधी ऊन, मग उपचार

चाळिशी ओलांडलेल्या माणसाने दंडाची आतली बाजू आणि हाताच्या पंजाची वरची बाजू शेजारी धरून पाहावी. वय दोन्हींचे एकच. तरी दंडाची त्वचा मऊ आणि एकसारख्या रंगाची असते, पंजावरची राठ आणि डागाळलेली. आतल्या त्वचेवर काळाचा परिणाम दिसतो, बाहेरच्या त्वचेवर काळ आणि ऊन या दोघांचा. चेहराही पंजासारखाच उघडा असतो. म्हणून चेहऱ्यावरचे वय कमी दिसावे यासाठी पैसे खर्च करणाऱ्यांनी उपचारांचा क्रम उलटा लावावा, असे मला ठामपणे वाटते. जाहिरातीत लेझर, इंजेक्शन आणि महागडी सीरम पुढे असतात आणि सनस्क्रीन शेवटी येते. पुराव्यांची ताकद पाहिली तर सनस्क्रीनची जागा सर्वांत वर आहे. अतिनील किरणांपैकी यूव्हीबी त्वचेचा वरचा थर भाजतात, तर यूव्हीए खालच्या थरापर्यंत पोचतात. त्वचेला ताठपणा देणारे कोलॅजन तिथेच असते, आणि ते तोडणारी विकरे या किरणांमुळे कामाला लागतात. खिडकीची काच यूव्हीबी बरेचसे अडवते, यूव्हीए मात्र मोठ्या प्रमाणात आत येऊ देते. 2012 साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने एका 69 वर्षांच्या ट्रकचालकाचे छायाचित्र छापले. 28 वर्षे ट्रक चालवलेल्या या माणसाची खिडकीकडची डावी बाजू खोल सुरकुत्यांनी भरलेली होती, उजवी तुलनेने तरुण. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, म्हणजे इथे हा भार उजव्या गालावर येणार.

एका चेहऱ्यावरून सिद्धान्त मांडता येत नाही. तो मांडण्यासारखा प्रयोग ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडमधल्या नाम्बूर गावात झाला. पंचावन्नच्या आतल्या 903 प्रौढांना यदृच्छेने गटांत वाटले. काहींना रोज सनस्क्रीन लावायला सांगितले, इतरांना आपापल्या सवयीप्रमाणे वागू दिले. 1992 ते 1996 या काळात त्यांच्या हाताच्या पाठीचे सिलिकॉनचे ठसे घेऊन त्वचेचा पोत किती खडबडीत झाला ते मोजले. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात रोज लावणाऱ्यांच्या त्वचेच्या वार्धक्यात साडेचार वर्षांत मोजता येण्याजोगी वाढ दिसली नाही, आणि दुसऱ्या गटाच्या तुलनेत त्यांच्यातले वार्धक्य 24 टक्क्यांनी कमी भरले. ते सनस्क्रीनही साधे, एसपीएफ 15च्या आसपासचे होते. याच प्रयोगात काहींना बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या दिल्या होत्या, त्यांचा एकूण परिणाम दिसला नाही. सौंदर्याच्या बाजारातल्या फार थोड्या वस्तूंची इतक्या माणसांवर इतकी वर्षे अशी परीक्षा झाली आहे.

यावर रास्त आक्षेप असा, की ते गोरे ऑस्ट्रेलियन होते. आपल्या सावळ्या त्वचेत मेलॅनिनचे संरक्षण मुळातच आहे. हे खरे आहे. जुन्या मोजणीनुसार काळ्या त्वचेचा वरचा थर एसपीएफ 13च्या आसपास संरक्षण देतो, गोऱ्या त्वचेचा जेमतेम 3. म्हणूनच बारीक सुरकुत्या आपल्याकडे उशिरा येतात. पण संरक्षण देणारे हे मेलॅनिनच आपल्याकडे वय दाखवते. भारतीय चेहऱ्यावर सुरकुतीआधी रंग बिघडतो. गालांवर वांग येतो, कपाळ आणि कानशिले गडद होतात, डोळ्यांखाली सावली येते, मुरमांचे डाग महिनोन्‌महिने जात नाहीत. सावळ्या त्वचेत तर केवळ अतिनील नव्हे, डोळ्यांना दिसणारा प्रकाशही रंगद्रव्य वाढवतो, असे 2010 नंतरच्या अभ्यासांतून पुढे आले. पारदर्शक सनस्क्रीन हा प्रकाश अडवत नाही. लोहाची संयुगे असलेले, त्वचेच्या रंगाचे सनस्क्रीन बऱ्याच अंशी अडवते. वांग असलेल्या व्यक्तीने ट्यूब घेताना ही गोष्ट पाहावी, एसपीएफचा आकडा 50 आहे की 70 यावर वेळ घालवू नये. प्रयोगशाळेत हा आकडा दर चौरस सेंटिमीटरला 2 मिलिग्रॅम थर लावून मोजतात. घरी आपण त्याच्या निम्म्याहूनही कमी लावतो, त्यामुळे भरपूर लावणे हेच जास्त महत्त्वाचे.

दुसरे स्थान मी ट्रेटिनॉइनला देतो. अ जीवनसत्त्वाच्या कुळातले हे औषध मुळात मुरमांसाठी वापरले जाई. अल्बर्ट क्लिगमन यांनी 1986 साली उन्हाने जीर्ण झालेल्या त्वचेवर त्याचा परिणाम प्रसिद्ध केला. दोन वर्षांनी मिशिगन विद्यापीठातल्या 16 आठवड्यांच्या चाचणीतही सुरकुत्यांत सुधारणा दिसली आणि 1995 मध्ये अमेरिकेत या कामासाठी एका ट्रेटिनॉइन क्रीमला मान्यता मिळाली. ते नवे कोलॅजन तयार करायला लावते आणि जुने तोडणाऱ्या विकरांना आवर घालते. मात्र त्या मिशिगनच्या चाचणीत बहुतेकांची त्वचा लाल झाली, सोलली. आपल्या त्वचेत अशा प्रत्येक दाहाच्या मागे गडद डाग उरू शकतो. म्हणून हे औषध डॉक्टरांच्या सांगण्यावरून, रात्री, वाटाण्याएवढे, सुरुवातीला एक दोन दिवसांआड लावायचे, आणि गरोदरपणात अजिबात नाही. दुकानात सहज मिळणारे रेटिनॉल त्याचेच सौम्य भावंड आहे, फायदाही सौम्य. कोलॅजनच्या पावडरींबद्दल मात्र माझा विश्वास बसत नाही. 23 चाचण्या एकत्र पाहणाऱ्या 2025च्या विश्लेषणात, ज्या चाचण्यांना कंपन्यांचा पैसा नव्हता त्यांत फायदा दिसला नाही.

मग दवाखान्यातले उपचार फसवे आहेत का? नाहीत. बोटॉक्स काम करते. व्हँकुव्हरच्या नेत्रतज्ज्ञ जीन करुथर्स यांना पापण्यांच्या आकडीवरच्या उपचारात भुवयांमधल्या आठ्या गेलेल्या दिसल्या. पती अॅलेस्टर यांच्यासह त्यांनी 1992 मध्ये ते प्रसिद्ध केले, 2002 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. पण ते स्नायू सैल करते, उन्हाने बिघडलेली त्वचा सुधारत नाही, आणि तीन चार महिन्यांत उतरते. फिलर खळगे भरते. चुकून रक्तवाहिनीत गेले तर त्वचा मरू शकते, क्वचित दृष्टीही जाते. लेझर आणि केमिकल पील यांच्या बाबतीत आपण सर्वाधिक सावध राहावे. 1975 साली थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी मांडलेल्या आणि नंतर सहापर्यंत वाढवलेल्या त्वचेच्या प्रकारांपैकी भारतीय त्वचा बहुधा चौथ्या पाचव्या प्रकारात मोडते. याच त्वचेत नियंत्रित जखमेनंतर डाग पडण्याचा धोका जास्त. गोऱ्या त्वचेसाठी ठरलेली लेझरची ताकद इथे जशीच्या तशी वापरणे चूक आहे. आणि उपचारानंतर ऊन टाळले नाही, तर हजारो रुपये मोजून घालवलेला डाग पुन्हा येतो. म्हणजे महागडा उपचारही शेवटी सनस्क्रीनवरच उभा असतो.

ज्यांना ऊन सर्वांत जास्त लागते त्यांना सनस्क्रीन परवडत नाही, हा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो. खुरपणी करणारी बाई, वाहतूक पोलीस, घरोघर सामान पोचवणारा मुलगा यांनी दर दोन तासांनी क्रीम लावावे असे सांगणे निर्दय आहे. त्यांच्यासाठी कापड आहे. घट्ट विणीचा पदर, रुंद काठाची टोपी, पुण्यातल्या दुचाकीवरच्या मुली बांधतात तो स्कार्फ ही उन्हाविरुद्धची अस्सल साधने आहेत, त्यांना मागासलेपणाची खूण मानू नये. ड जीवनसत्त्व कमी होईल ही शंकाही पोकळ नाही. उच्च एसपीएफ रोज लावणाऱ्यांत पातळी काहीशी घटू शकते. पण ती रक्ततपासणीत कळते आणि स्वस्त गोळीने भरून निघते. उन्हाचे डाग तसे गोळीने जात नाहीत.

पैसे वाचवण्याच्या नादात मात्र एक गोष्ट कधीही करू नका. ओळखीच्या औषधवाल्याने दिलेली ‘गोरे करणारी’, ‘डाग घालवणारी’ ट्यूब चेहऱ्यावर लावू नका. अशा अनेक क्रीममध्ये बीटामेथासोन, मोमेटासोन किंवा क्लोबेटासोलसारखे स्टेरॉइड असते. पहिल्या आठवड्यात चेहरा उजळतो, मग त्वचा पातळ होते, शिरा दिसू लागतात, लव वाढते. बंद केल्यावर इतकी आग होते की माणूस पुन्हा तीच ट्यूब आणतो. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी 2008 पासून या अवस्थेला स्वतंत्र नाव दिले आहे, आणि 2018 पासून अशी क्रीम चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई आहे. घरातल्या कोणाच्या कपाटात अशी ट्यूब असेल तर तिच्यावरची घटकांची यादी आज वाचा, आणि स्टेरॉइडचे नाव दिसले तर ती ट्यूब घेऊनच त्वचारोगतज्ज्ञाकडे जा.